काउंटरवरची पाटी

४ मार्च

चि. खडू यास,
अनेक आशीर्वाद, आणि जोडीला एक चिमटा.

पत्राबरोबर पार्सल आहे. तुझ्या जळजळीच्या गोळ्यांचे सहा डबे, सगळे संत्र्याच्या चवीचे. पुदिन्याच्या नव्या गोळ्यांनी जीभ खरखरीत होते अशी तू मागच्या वर्षी कुरकुर केली होतीस. ती लक्षात ठेवून मी नव्या मालकाला मागचं कपाट उपसायला लावलं. दुकान सोडून महिना झाला, तरी मी तिथे दिसले की गिऱ्हाईक मलाच विचारतं की खोकल्याला काय घेऊ. नवा मालक बिचारा स्वतःच्या दुकानात पाहुण्यासारखा उभा राहतो.

आता रागाचं. अडतीस वर्षं मी औषधांच्या काउंटरमागे उभी होते. निरोपाचं म्हणून एकच जेवण झालं, तेही माझ्याच घरी, मीच रांधलेलं. बारा माणसं होती आणि तुला मी मुद्दाम माझ्या उजव्या हाताला बसवलं होतं. दुकानासमोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याबद्दल चार शब्द बोलायला उभ्या राहिल्या आणि नेमका तेव्हाच तू खुर्ची सरकवून उठलास. बाथरूममध्ये जाऊन बसलास तो बसलासच. मी दार वाजवलं तर आतून नुसता नळाचा आवाज. आणि मग मागच्या जिन्याने पसार, ना निरोप ना काही. वहिनी म्हणाली की तुझं डोकं दुखत होतं. तिला खोटं बोलता येत नाही हे तुमच्या लग्नाला आठवडा व्हायच्या आत माझ्या ध्यानात आलं होतं.

तुझं ताट मीच उचललं. मांसाचे वाटाण्याएवढे तुकडे करून कडेला रांगेत लावून ठेवले होतेस, खाल्ला असशील तर एखादा. स्वयंपाक बिघडला होता का? बिघडला असेल तर तसं सांग, मी मेले नसते. लहानपणीही तुझं हेच. आई टेलिफोन ऑफिसात निघून जायची, तू घास घोळवत बसायचास, आणि घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की मी तुझं ताट उचलायची, संपलेलं असो नसो. तू रडायचा नाहीस, नुसता ताटाकडे बघत राहायचास. तेव्हा मला शाळेची घाई होती. आता तर कुणालाच घाई नव्हती ना?

नव्या मालकाने काउंटरवरची माझी पाटी काढून छापील लावली. जुनी मला परत दिली. आठवते का? अक्षर माझं, पुठ्ठा आणि निळ्या कापडाची कड तुझी. 'जळजळीच्या गोळ्या दोन आठवड्यांपेक्षा जास्त लागत असतील तर गोळ्या पुरे, डॉक्टर गाठा.' वीस वर्षांत कड कुठेही सुटली नाही, बांधणारा भाऊ असावा तर असा. सध्या मी ती गरम पातेलं ठेवायला वापरते. मधोमध गोल डाग पडला आहे.

फोन करू नकोस. माझे कान गेले आणि तुझा आवाज वर्षभर इतका घोगरा झालाय की मला वाटतं कुणी भलताच माणूस बोलतोय. पत्रच लिही.

लोभ आहे तिथेच आहे, राग उतरायला वेळ लागेल.

तुझी
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, दोन्ही कान धरून.

डबे मिळाले. एक उघडला, दोन गोळ्या चघळल्या आणि मगच तुला लिहायला बसलो.

स्वयंपाक उत्तम होता. बिघडलो होतो तो मी. झालं एवढंच की घास अडकला. छातीच्या मधोमध, शर्टाचं तिसरं बटण येतं ना, तिथे. खाली जाईना, वर येईना. हे मला आता नवीन नाही आणि यावर माझा उपायही ठरलेला आहे. ताठ उभं राहायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि कोमट पाण्याचा एकेक घोट घ्यायचा. कधी पाच मिनिटांत सुटतो, कधी अर्धा तास घेतो. बारा माणसांसमोर पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून उभं राहण्यापेक्षा तुझं बाथरूम बरं वाटलं. बाहेर आलो तर डोळे लालभडक, शर्ट भिजलेला. तुझ्या डॉक्टरीणबाई समोरच बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं असतं आणि दहा प्रश्न विचारले असते. तुझ्या निरोपाचं जेवण माझ्या तपासणीत गेलं असतं. म्हणून जिना धरला. चुकलं, ताई.

तुझ्या वहिनीला मीच डोकेदुखी सांगायला लावली. तिने ती फार वाईट सांगितली, हे मलाही मान्य आहे.

बाकी सगळं ठीक. न्यायालयाची जुनी रजिस्टरं बांधायला आली आहेत. एकेक मांडीवर घेतलं की पाय मुंग्या येऊन झोपी जातो. शिवण घालताना दिवसभर वाकावं लागतं आणि जेवून वाकलं की सगळं घशापर्यंत येतं. म्हणून मी दुपारचं जेवण सोडूनच दिलंय. वेळही वाचतो. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली मी दोन जाडजूड नकाशांची पुस्तकं सरकवली आहेत, कुणी न्यायला न आलेली. डोकं उंच राहिलं की झोप लागते. तुझी वहिनी मात्र सकाळपर्यंत घसरत पायथ्याशी पोचते आणि दोन्ही पुस्तकांना नावं ठेवते. दाताचा डॉक्टर म्हणाला की माझे दात आतल्या बाजूने झिजलेत, तुम्ही लिंबं चोखता का? मी म्हटलं, नाही, लहानपणी खडू खायचो. तो हसला नाही.

पाटीवर पातेलं ठेवतेस हे ऐकून बांधणाऱ्याच्या काळजाला घरं पडली. निदान खाली फडकं घाल.

तू विचारण्याआधीच सांगतो, डॉक्टरकडे गेलेलो नाही. घरात तू असताना डॉक्टर कशाला? पुढच्या पार्सलात आठ डबे घातलेस तर बरं, हल्ली जरा जास्त लागतात.

राग उतरला की कळव, नाही उतरला तरी कळव.

तुझा
खडू


८ जून

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे. रविवारी दुपारी त्यांनी सफरचंदाची एक फोड खाल्ली आणि ती अडकली. नेहमीसारखे हात वर करून उभे राहिले. मी घड्याळाकडे बघायचं टाळत भांडी घासत होते. तासाभराने मागे वळून पाहिलं तर हातात वाटी घेऊन बसलेले. स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती, ती वाटीत टाकत होते. तरी दवाखान्याला नाही म्हणत होते, हातानेच, कारण बोलता येत नव्हतं. शेवटी मी चपला घालून दारात उभी राहिले आणि सांगितलं की तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाते आणि डॉक्टरांनाच घरी आणते. तेव्हा उठले.

डॉक्टरांनी तोंडातून दुर्बिणीची नळी घालून फोड काढली. मग मला आत बोलावून चित्र काढून समजावलं. वर्षानुवर्षं पोटातलं आम्ल वर येऊन अन्ननलिका आतून भाजते आहे. जखम होते, भरते, पुन्हा होते. भरताना व्रण आकसतो, आणि तसं होत होत खालची वाट पेन्सिलीएवढी उरली आहे. एवढ्यावर थांबलं असतं तर फुगा घालून रुंद करता आली असती, आणि ते तर डॉक्टर करणारच आहेत. पण वाटेच्या खाली आतल्या अस्तराचा रंगच बदललेला दिसला. तिथले तुकडे तपासायला पाठवले आहेत.

त्यांनी विचारलं की त्रास किती दिवसांचा. हे म्हणाले, पंधरा वर्षांचा. मग विचारलं की इतकी वर्षं कोण बघतं. तेव्हा हे घोगऱ्या आवाजात, मान ताठ करून म्हणाले की माझी ताई बघते, अडतीस वर्षं औषधांच्या दुकानात आहे. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघितलं.

वन्सं, लपवत नाही, त्या क्षणी मला तुमचा राग आला. माझाही आला. त्यांचं ताट रोज माझ्यासमोर असायचं. घरी आल्यावर बराचसा ओसरला. उरला आहे तो पोटात ठेवून लिहिण्यापेक्षा सांगून टाकलेला बरा. डॉक्टरांना गोळ्यांचा हिशेब हवा आहे, रोज किती आणि कधीपासून. यांना तो आठवत नाही किंवा सांगायचा नाही. तुमच्याकडे लिहिलेलं असेल. कळवाल का?

आपल्या मायेत अंतर पडू नये एवढीच इच्छा.

तुमची
वहिनी


१५ जून

चि. खडू यास,
आशीर्वाद. चिमटा काढायचं आता धाडस होत नाही.

वहिनीवर चिडू नकोस. तिने कळवलं ते बरं केलं.

तिने गोळ्यांचा हिशेब मागितला म्हणून तुझी पत्रं ठेवलेलं बुटांचं खोकं काढलं. तुझं पत्र आलं की त्यात गोळ्यांची मागणी असायचीच. पार्सल टाकलं की मी पत्राच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'पाठवले' असं लिहून तारीख घालायची, दुकानातल्या चिठ्ठ्यांवर घालायची तशीच. त्यामुळे हिशेब तासाभरात निघाला, तो वहिनीला वेगळा पाठवते आहे. पण मग मी पत्रं नुसती वाचायला घेतली, पहिल्यापासून, एकामागून एक. पंधरा वर्षांत मी ती कधीच अशी सलग वाचली नव्हती.

सगळं त्यात आहे रे. तू काही लपवलं नव्हतंस. नऊ वर्षांपूर्वी लिहिलं आहेस की पाव आता चहात बुडवल्याशिवाय उतरत नाही. पलीकडे मी समासात लिहिलंय, 'म्हातारा झाला.' मग कधीतरी प्रत्येक घासावर पाणी लागायला लागलं. मग लग्नांची, वाढदिवसांची जेवणं टाळायला लागलास आणि मी तुला माणूसघाणा म्हणून अख्खं पान भरून झोडपलं. पलंगाखालच्या पुस्तकांवर तर मी इतकी हसले की ते पत्र दुकानात जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. आणि प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात लाल अक्षरात तेच, पाठवले, पाठवले. पत्र वाचून विचार करायला हवा होता तिथे मी पार्सलाला दोरी शोधत होते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तीनेक वर्षांपूर्वी एक बसड्रायव्हर महिन्यात तिसऱ्यांदा याच गोळ्या मागायला आला. मी दिल्या नाहीत. पाटीवर बोट ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. तो चारचौघांत तणतणला, मला काय हवं ते विकणं तुमचं काम म्हणाला. दोन महिन्यांनी बायकोला घेऊन आला आणि काही न बोलता हात जोडून उभा राहिला. आत बिघडायला लागलं होतं, वेळेवर सापडलं. त्या दिवशी मी फार खुशीत होते. आणि त्याच संध्याकाळी, त्याच काउंटरवर, पाटी बाजूला सरकवून जागा केली आणि तुझं पार्सल बांधलं.

अनोळखी माणसाला मी जे रोज सांगत होते ते तुला एकदाही सांगितलं नाही. तू गिऱ्हाईक नव्हतास, माझा होतास. माझ्या माणसाचं मीच बघायचं, असं वाटत राहिलं. तू डबे मागायचास आणि मला बरं वाटायचं की अजून माझी गरज आहे. आईमागे तुझं ताट वाढायचं आणि उचलायचं माझ्याकडेच होतं, ती सवय गेली नाही असं म्हण हवं तर. सवय म्हटल्याने माझी सुटका होत नाही.

मला क्षमा कर असं लिहिणार होते. पण तू लगेच केलीस तर ती माझ्या काही उपयोगाची नाही. मी तिकडे येऊ का, एवढंच कळव. बॅग भरून ठेवली आहे.

पाटी टेबलावरून काढली. डाग घासून पाहिला, जात नाही.

जे उरलं असेल ते प्रेम राहू दे.

ताई


१२ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

आधी वाईट बातमी, म्हणजे मग मोकळेपणाने बोलता येईल. तुकड्यांचा निकाल तीन आठवड्यांपूर्वीच आला. कॅन्सर आहे. नलिकेच्या खालच्या टोकाला, भिंतीत शिरलेला. दोन महिने शिरेतून औषध, ते लगेच चालू झालं, आणि मग ऑपरेशन. नलिकेचा खालचा भाग काढतात आणि पोट वर ओढून उरलेल्या टोकाला जोडतात. आमच्या धंद्यात पुस्तकाची खराब पाठ काढून नवी बसवतात तसंच. मी डॉक्टरांना म्हटलं की शिवण घट्ट घाला, वाचणारा आडदांड आहे. ते हसले. दाताच्या डॉक्टरपेक्षा हा माणूस बरा.

फुगा घालून वाट थोडी रुंद केली आहे. परवा मऊ भात सबंध वाटीभर गेला, पाणी न पिता. तुझी वहिनी माझ्याकडे बघत बसली होती, मला लाजल्यासारखं झालं.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते मी दोनदा वाचलं आणि मला तुझा राग आला, कारण सगळा दोष तू एकटीच घेऊन बसली आहेस. म्हणून आजवर लपवलेलं सांगून टाकतो. गेली नऊ वर्षं मी तुझी एकही गोळी तोंडात घातलेली नाही. नऊ वर्षांपूर्वी इथल्या एका डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने दुसरं औषध दिलं आणि आत दुर्बीण घालून बघू म्हणाला. मी घाबरलो, परत गेलो नाही. तुझे डबे माझ्या दुकानात, पुठ्ठ्यांना खळ लावायच्या फळीखालच्या खणात पडून आहेत, सीलसुद्धा तोडलेली नाहीत. तरी मागत राहिलो, कारण गोळ्या मागितल्या की पार्सल यायचं आणि पार्सलात तुझं पत्र असायचं. नुसतं पत्र लिही म्हणून सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस की लिहायला काय आहे.

तेव्हा ताई, जे झालं ते माझ्या भित्रेपणामुळे. तुझ्या गोळ्यांनी काही दाबलं नाही, काही लपवलं नाही. त्या बिचाऱ्या डब्यातच होत्या. आणि ती पाटी मीही वाचली होतीच की. अक्षरं सरळ आहेत का हे बघत बघतच कड लावली होती.

इतक्यात येऊ नकोस. औषधाने केस गेलेत आणि चेहरा उतरलाय. तुझ्यासमोर मी धाकटा होऊन बसेन आणि मग मला धीर धरता येणार नाही. टेबलाशी बसून जेवायला लागलो की बोलावतो.

बॅग उघडून कपडे कपाटात ठेव, चुरगळतील.

तुझाच
खडू


३ नोव्हेंबर

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

तार केल्यासारखं चार ओळींत कळवलं होतं, आता सवडीने लिहिते. ऑपरेशन गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला झालं, सात तास चाललं. परवा घरी आणलं. बोलतात, पण फार हळू. दिवसातून आठ वेळा खायचं, दर वेळी पाच-सहा चमचे, आणि प्रत्येक चमच्यानंतर थांबायचं. एका खाण्याला पाऊण तास लागतो. ते संपून जरा टेकतात तोवर पुढच्याची वेळ होते.

गाठ सगळी निघाली. पण आजूबाजूच्या ग्रंथींत थोडं पसरलेलं सापडलं. डॉक्टरांना मी स्पष्ट विचारलं. ते म्हणाले की वर्षं मोजून सांगता येणार नाहीत, मोजायची असली तर थोडीच धरा. यांना हे माहीत आहे. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मला सांगायचं टाळता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणूनच पुढचं लिहिणं अवघड आहे. जुलैत त्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला पाकीट चिकटवल्यावर सांगितलं. आता रोज विचारतात की ताईचं पत्र आलं का, तिला खरं वाटलं का. तुम्ही तेव्हापासून एकदाच लिहिलंत, तेही फक्त तब्येतीचं. त्यांची इच्छा आहे की मी दुकानातले भरलेले डबे पाहिले असं तुम्हाला कळवावं. वन्सं, खळीच्या फळीखाली डबे आहेत. एकात सुया आहेत, एकात मेण, बाकीच्यांत दोऱ्याची रिळं आणि बटणं. सगळे तुमचेच आणि सगळे रिकामे झाल्यावरच तिथे गेलेले. नऊ वर्षांपूर्वी कुठल्या डॉक्टरकडे गेल्याचं मला तरी माहीत नाही.

त्यांना वाटतं की तुम्ही विश्वास ठेवलात तर तुमची झोप परत येईल. मी त्यांच्या विरुद्ध जाऊन हे लिहावं की नाही, आठवडाभर ठरत नव्हतं. पण तुम्हाला फसवून शांत करायचं हे काम माझ्याकडून होणार नाही. तुम्ही त्यांना काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. माझं नाव त्यात आणलं नाहीत तर उपकार होतील.

तुमच्यावरचा उरलेला राग मी हल्ली शोधते, सापडत नाही.

तुमची
वहिनी


१० नोव्हेंबर

चि. खडू यास,
आईचे, बाबांचे आणि माझे मिळून सगळे आशीर्वाद.

तुझ्या जुलैतल्या पत्राला मी नीट उत्तर दिलं नाही. चार महिने ते उशाशी आहे. आता देते.

मागच्या वर्षी तू लिहिलं होतंस की पुदिन्याच्या गोळ्यांनी जीभ खरखरीत होते, पूर्वीच्या संत्र्याच्या पाठव. ज्याने नऊ वर्षं सील तोडलं नाही त्याला पुदिना जिभेला कसा लागतो हे कसं कळलं? आणि मार्चमध्ये दोन गोळ्या चघळून पत्र लिहायला बसलास, ते विसरलास वाटतं. जुलैत ते पत्र वाचून मी पहिल्यांदा सुटल्यासारखी रडले. मग डोळे पुसून खोकं काढलं. अडतीस वर्षं माणसं माझ्याशी काउंटरवर खोटं बोलत आली, गोळ्या शेजारणीसाठी हव्यात म्हणून. तू त्यांच्यातलाही कच्चा निघालास.

डॉक्टरीणबाईंनाही मी विचारून आले. आडपडदा न ठेवता सांगा म्हटलं. त्या म्हणाल्या की पाच-सहा वर्षांपूर्वी कुणी आत डोकावलं असतं तर बहुतेक त्या नळीतूनच खरवडून काम भागलं असतं. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या की नक्की कुणालाच सांगता येत नाही. पहिलं वाक्य खरं आणि दुसरं माझ्यासाठी, एवढं मला कळतं.

तेव्हा खडू, दोष माझ्याकडेच राहू दे. शिरेत औषध चालू असताना, गळ्याखाली भात जेमतेम उतरत असताना तू बसून माझ्यासाठी खोटं रचलंस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ते घेऊन मी स्वस्थ झाले तर मी पुन्हा तेच केलं असं होईल, तू लिहायचंस आणि मी न वाचता कोपऱ्यात 'पाठवले' लिहायचं. फार तर पाटीच्या कडेइतका दोष तुझा. तेवढा तुला देते, बाकी मागू नकोस.

एक मात्र त्या पत्रात खरं होतं आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागलं. गोळ्या मागितल्या तरच ताईचं पत्र येतं, असं तुला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं रे. गोळ्या पाठवल्या तरच तुझं येईल. दोघांनी मिळून पंधरा वर्षं डबे इकडून तिकडे केले आणि हवं होतं ते दोघांनाही एवढंच.

टेबलाशी बसून जेवायला लागलो की बोलावतो म्हणाला होतास. चमचे म्हणजे जेवणच. बोलावण्याची वाट आता मी बघणार नाही. गुरुवारच्या सकाळच्या बसने निघते आहे, दुपारी तुझ्या चौथ्या खाण्याला पोचेन. कपडे कपाटात ठेवले होते, पुन्हा बॅगेत भरले. पाटीही आणते. दुकानात तुझ्या डोळ्यांसमोर लाव, डागासकट. कुणा गिऱ्हाइकाने विचारलं तर सांग की बहिणीने पातेलं ठेवलं होतं.

वहिनीला म्हणावं, तिने आता जेवताना आपल्या ताटाकडे बघावं. तुझ्यासमोर मी बसेन. पाऊण तास लागू दे, दोन तास लागू देत. मध्ये थांब, उभा राहा, हात वर कर, मी घड्याळ काढून बॅगेत ठेवेन. तुझं ताट मी उचलणार नाही. तू स्वतः पुढे सरकवलंस तर मात्र घेईन.

तुझी
ताई